कॅम्पेन घेतलं? आधी जागेवर उभं राहून बघा

कॅम्पेन, म्हणजे वॉर गेममधला एकट्याने खेळायचा गोष्टीचा भाग, पाच तासांत संपलं, पैसे पाण्यात गेले, अशी बोंब आमच्या मनीषनगरातली पोरं दर नव्या वॉर गेमनंतर मारतात. माझं म्हणणं, तास मोजूच नका बे. 'टायटनफॉल २' (२०१६) पण पाच-सहा तासांतच आटोपतो. पण त्यातल्या 'इफेक्ट अँड कॉज' लेव्हलमध्ये मनगटावरच्या यंत्राने क्षणात भूतकाळात, क्षणात वर्तमानात जायचं, तेही भिंतीवरून पळता पळता. कंटाळायला फुरसतच नाही. डोकं फिरतं ते गेम आपल्याला काहीच करू देत नाही तेव्हा. ते लवकर ओळखायचं.

आधी स्टीमचं, म्हणजे पीसी गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचं, घड्याळ समजून घ्या. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. पण गेम नुसता उघडा असला तरी वेळ मोजला जातो. शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होईपर्यंत मेनूवर थांबलात, मे महिन्यात कूलरमध्ये पाणी टाकायला उठलात, तरी घड्याळ चालूच. उठताना गेम बंद करा. डाउनलोडचा वेळ त्यात धरत नाहीत.

आता या दोन तासांत काय तपासायचं ते. पहिल्या मोठ्या चकमकीत भिंतीआड थांबा आणि पुढे पाऊल टाकू नका. नुसते शत्रू टिपत राहा. 'कॉल ऑफ ड्यूटी ४' (२००७) मध्ये काही ठिकाणी कितीही मारा, नवे शत्रू येतच राहतात. जमिनीवरची न दिसणारी रेघ ओलांडली, की येणं थांबतं. मग नेम चांगला असून उपयोग काय? तो गेम तरी दमदार होता, त्यातलं 'ऑल घिलीड अप' मिशन मी अजूनही खेळतो. मागून आलेल्या बऱ्याच जणांनी त्याची रेघ तेवढी उचलली.

गेममध्ये आपल्याला पुढे नेणाऱ्या कॅप्टनच्या डोक्यावर 'फॉलो' (मागे या) दिसलं की मुद्दाम दुसऱ्या गल्लीत घुसा. दार फक्त तोच उघडतो का, दोन पावलं वाकडी पडताच परत फिरायची तंबी येते का, बघा.

आणि वाहन मिळालं तर ते चालवतो कोण? 'बॅटलफील्ड ३' (२०११) मधलं जेटचं मिशन आठवा. विमानवाहू जहाज, डोक्यावर बंद होणारी कॅनोपी, मग तो उड्डाणाचा झटका. अंगावर काटा येतो. पण आपण मागच्या सीटवर! क्षेपणास्त्रं सोडायची, शत्रूची क्षेपणास्त्रं चकवणारे फ्लेअर टाकायचे, निशाण लावायचं, बाकी वर्धा रोडच्या ऑटोत मागे बसल्यासारखं. बाजूला बसलेला माझा भाचा म्हणाला, "मामा, मंग विमान कोण चालवून राहिला?" त्याच गेमच्या मल्टिप्लेअरमध्ये (इतरांसोबत ऑनलाइन खेळताना) मात्र जेट स्वतः उडवता येतं. मग कॅम्पेनमध्ये काहून नाही?

दोन तास उलटून गेले, पैसे परत मिळायची सोय संपली असेल, तर डिफिकल्टी 'हार्डन्ड' (सर्वांत अवघडच्या एक पायरी खाली) ठेवा आणि रात्री एकच मिशन खेळा. 'व्हेटरन' या सर्वांत अवघड पातळीच्या भानगडीत पडू नका. 'कॉल ऑफ ड्यूटी'च्याच 'वर्ल्ड ॲट वॉर' (२००८) मध्ये त्या पातळीवर हातबॉम्बांचा नुसता पाऊस पडतो, त्यात कसब कमी आणि चिडचिड जास्त.

खरं समाधान हवं असेल तर 'आर्मा ३' (२०१३) सेलमध्ये घ्या. त्यातलं आल्टिस बेटच सुमारे २७० चौरस किलोमीटर आहे. कंट्रोल्स किचकट आहेत, पहिला आठवडा शिव्या द्याल. पण त्यात मिशन बनवायचा एडिटर येतो. एखाद्या गावात शत्रूची आठ जणांची गस्त ठेवा, दोन किलोमीटरवर आपली चार माणसं आणि एक ट्रक. एवढंच. ट्रक रस्त्याने न्यायचा की टेकडीमागे सोडून पायी जायचं, हे सांगायला कोणी कॅप्टन नाही. पहिल्या खेपेला गोळी कुठून आली तेही कळणार नाही बहुतेक. दुसऱ्या खेपेला गस्तीचे वेपॉइंट (वाटेवरचे थांबे) ओढून दुसऱ्या गल्लीत टाका, म्हणजे पाठ केलेली वाट कामी येणार नाही.