जहाजावर जायबंदी झालेल्या खलाशाने भरपाईचा दावा करताना वैद्यकीय तपासणीची बाजू कशी सांभाळावी

सांगली-सातारा भागातला मुलगा जहाजावर जायबंदी होऊन घरी परतला, की घरची मंडळी बहुधा आधी दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सिव्हिल हॉस्पिटलच्या खेपा घालू लागतात. ते प्रमाणपत्र जरूर काढावे, कारण २०१६ च्या कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास सरकारी सवलतींना ते लागते. जहाज कंपनीची भरपाई मात्र नोकरीच्या करारावर आणि त्याला जोडलेल्या युनियनच्या सामूहिक करारावर ठरते. तिथे टक्क्यांइतकाच हा माणूस पुन्हा समुद्रावर कामाला योग्य आहे का, हा प्रश्न महत्त्वाचा असतो. आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या, प्रचलित करारांत ५० टक्के किंवा अधिक अपंगत्वाला पूर्ण भरपाई मिळते, आणि टक्के त्याहून कमी भरले तरी डॉक्टरांनी सागरी सेवेसाठी कायमचे अयोग्य ठरवले असल्यास पूर्ण भरपाईची तरतूद असते.

तासगावकडच्या एका तरुण एबीला (डेकवरच्या कुशल खलाशाला) जहाज धक्क्याला बांधताना सुटलेला दोर उजव्या खांद्यावर बसला. पहिल्या अहवालात 'खांद्याची हालचाल मर्यादित' एवढेच लिहिले होते. मिरजेच्या अस्थिरोग तज्ज्ञांकडे दुसऱ्यांदा जाताना त्याने आपली रोजची कामे एका कागदावर लिहून नेली: दोर ओढणे, हलत्या जहाजावर उभी शिडी चढणे, डोक्यावर हात नेऊन रंगकाम, रात्रीचा पहारा. डॉक्टरांनी एकेक काम विचारून तपासले आणि तो शिडी सुरक्षितपणे चढू शकत नाही, असे स्पष्ट लिहिले. असा कागद प्रत्येकाने न्यावाच, कारण मिरजेतल्या निष्णात डॉक्टरांनीही जहाजाचा डेक पाहिलेला असेलच असे नाही.

पुराव्याची सुरुवात जहाजावरच होते. दुखापत त्याच दिवशी कॅप्टनला कळवावी आणि अपघात अहवालाची व वैद्यकीय नोंदीची प्रत मागून घ्यावी. पुढचा करार मिळणार नाही या भीतीने अनेक मुले दुखणे अंगावर काढतात. ही भीती मला समजते, पण त्यातून होणारे नुकसान फार मोठे असते. 'कराराची मुदत संपली' म्हणून साइन ऑफ झाले, म्हणजे जहाजावरून उतरवले गेले, तर दुखापत घरी आल्यावर झाली असे म्हणायला कंपनीला वाव मिळतो. म्हणून वैद्यकीय कारण कागदावर आलेच पाहिजे. भरतीच्या वेळी जुना आजार जाणूनबुजून लपवला असेल, तर त्या आजारापुरती मालकाची जबाबदारी टळू शकते.

घरी पोहोचताच कंपनीला आणि मॅनिंग एजंटला, म्हणजे खलाशांची भरती करणाऱ्या एजंटला, ईमेल करावा. फिलिपिनो खलाशांच्या सरकारी करारात ३ कामाच्या दिवसांत कंपनीच्या डॉक्टरसमोर हजर व्हावे लागते. आपल्या करारातली मुदत वेगळी असली तरी हीच शिस्त पाळावी. त्यासाठी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठावी लागली तरी तपासणी चुकवू नये आणि एक्स-रे वगैरेंच्या सर्व मूळ फिल्म सोबत न्याव्यात, मात्र त्या तिथे ठेवून येऊ नयेत. कंपनीच्या डॉक्टरचे मत पटले नाही, तर स्वतःच्या तज्ज्ञाचा अहवाल जोडून, दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या तिसऱ्या डॉक्टरची मागणी युनियनमार्फत लेखी करावी.

भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या एमएलसी, अर्थात २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार, आजारपणातील पगाराची व उपचारांची मालकाची जबाबदारी कायद्याने मर्यादित केली तरी ती १६ आठवड्यांपेक्षा कमी करता येत नाही. जानेवारी २०१७ पासून मृत्यू व दीर्घकालीन अपंगत्वाच्या भरपाईसाठी विमा किंवा तत्सम आर्थिक हमी बंधनकारक आहे आणि तिचे प्रमाणपत्र जहाजावर लावलेले असते. चढताच त्याचा फोटो काढून घरी पाठवावा, कारण दावा त्या हमीदाराकडे थेटही करता येतो. अपंगत्व किती राहील हे लवकर ठरत नसेल, तर हाल होऊ नयेत म्हणून अंतरिम रक्कम मागता येते.

करारातल्या रकमेपेक्षा कमी घेण्यासाठी दबाव आणण्यास याच नियमांत मनाई आहे. म्हणून 'संपूर्ण व अंतिम' असे छापलेल्या पावतीवर घाईने सही करू नये; ती आधी युनियनला किंवा वकिलाला दाखवावी, आणि दबाव थांबत नसेल तर मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाकडे लेखी तक्रार करून तिची पोच जपून ठेवावी.