दुर्मीळ आजारात एमआरआय-सीटी : या चुका टाळा

मशीन चांगलं असतं, फिल्मही स्वच्छ येते आणि तरी आजार हाती लागत नाही. अशा वेळी घरचे लोक दुसऱ्या सेंटरवर जाऊन तोच स्कॅन पुन्हा काढतात आणि तेच उत्तर घेऊन परत येतात. बहुतेक वेळा दोष मशीनचा नसतो. स्कॅन कशासाठी हवा ते चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं, तो चुकीच्या वेळी काढलेला असतो, किंवा काढल्यावर त्यातला कामाचा भाग सेंटरच्या कॉम्प्युटरवरच राहून जातो. मुतखडा न सांगताही दिसतो. क्वचित आढळणाऱ्या आजाराची खूण मात्र शोधली तरच सापडते.

चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय ब्रेन’

एमआरआय म्हणजे एक फोटो नव्हे. टेक्निशियन त्यात वेगवेगळे सिक्वेन्स घेतो आणि कोणते घ्यायचे हे चिठ्ठीवरून ठरतं. ‘डोकेदुखी, एमआरआय ब्रेन’ एवढंच लिहिलं तर नेहमीचा साचा चालतो.

बाळंतपणानंतर पहिल्या काही आठवड्यांत तीव्र डोकेदुखी, उलट्या, झटका किंवा एका बाजूचा अशक्तपणा आला, तर मेंदूच्या शिरेत गुठळी झाली असण्याची शंका घ्यावी लागते. बाळंतिणीला पाणी कमी पाजण्याची रीत जिथे अजून आहे, तिथे तर जास्तच. या आजारात साधा सीटी नॉर्मल येऊ शकतो. चिठ्ठीवर ‘एमआर व्हेनोग्राफी’ (शिरांचं चित्र) आणि ‘एसडब्ल्यूआय’ (गुठळी आणि रक्तस्राव टिपणारा सिक्वेन्स) हे शब्द हवेत, सोबत ‘बाळंत होऊन इतके दिवस झाले’ हेही. निदान झालं की रक्त पातळ करणारं हेपॅरिन सुरू होतं. गुठळीमुळे मेंदूत थोडा रक्तस्राव दिसत असला तरी हेपॅरिन देतात. ‘रक्तस्राव आहे, पातळ करणारं औषध कसं द्यायचं’ म्हणून थांबणं ही यातली दुसरी चूक.

चिठ्ठीवर चार गोष्टी असाव्यात: त्रास काय आणि किती दिवसांपासून, आधीचं निदान किंवा ऑपरेशन, मनातली शंका आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी). रुग्णाला सिकलसेल (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक रक्ताचा आजार) असेल तर ‘एसएस पॅटर्न’, म्हणजे सिकलचा जनुक दोन्ही पालकांकडून आलेला, हे शब्द ठळक लिहा. त्याचं कारण पुढे येईलच.

सिकलसेलच्या मुलांत होणाऱ्या चुका

देशाच्या हिशेबात हा आजार मोजक्या भागांतला. सातपुड्याच्या कुशीत, धडगाव-अक्कलकुव्यापासून चोपडा-यावलच्या पाड्यांपर्यंत, तो घरोघरी माहीत आहे. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं आणि रक्ततपासणीचा वेग वाढला. पण रक्ताचा पॅटर्न कळल्यावर पुढे कोणता स्कॅन कधी करायचा, यात अजून गोंधळ दिसतो.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी म्हणजे ट्रान्सक्रॅनियल डॉपलर, म्हणजेच टीसीडी. एसएस पॅटर्नच्या २ ते १६ वर्षांच्या मुलांत ती वर्षातून एकदा व्हायला हवी. कानशिलावर २ मेगाहर्ट्झचा प्रोब ठेवून मेंदूच्या मुख्य धमन्यांतला रक्ताचा वेग मोजतात. सुई नाही, रेडिएशन नाही. सरासरी वेग १७० सेंमी प्रति सेकंदाच्या आत असेल तर ठीक. १७० ते १९९ म्हणजे काठावर, काही महिन्यांत पुन्हा तपासायचं. २०० किंवा जास्त म्हणजे पक्षाघाताचा मोठा धोका, एक-दोन आठवड्यांत पुन्हा मोजून खात्री करायची. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टॉप’ चाचणीत अशा मुलांना नियमित रक्त दिल्यावर पक्षाघाताचा धोका ९२ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे या एका आकड्यावर मुलाचा हातपाय वाचतो, आणि म्हणूनच तो आकडा चुकवून चालत नाही.

तो चुकतो कसा? एक, टीसीडीऐवजी मानेचा कॅरोटिड डॉपलर होतो. रिपोर्ट नॉर्मल येतो, घरचे निश्चिंत होतात. पण बिघाड असतो कवटीच्या आतल्या धमन्यांत. दोन, रिपोर्टात ‘पीक सिस्टोलिक’ वेग लिहिलेला असतो आणि वाचणारा तो सरासरी वेगाच्या २०० या मर्यादेशी ताडून पाहतो. हे दोन वेगळे आकडे आहेत, पीक नेहमीच मोठा येतो. कोणता वेग ते लिहिलेलं नसेल तर रेडिओलॉजिस्टला विचारा. तीन, नेहमीच्या रंगीत डॉपलर मशीनवर मोजलेला वेग खास टीसीडी मशीनपेक्षा साधारण १० टक्के कमी भरतो. त्या मशीनवर १८५ आलं तर ते काठावरचं समजून सोडू नका. चार, मूल तापात असताना, नुकतंच रक्त चढवलेलं असताना किंवा झोपेत तपासलं जातं. ताप आणि झोप वेग वाढवतात, नवीन रक्त तो उतरवतं. मूल जागं, शांत आणि बरं असताना तपासा. झोपेचं औषध तर देऊच नका.

एएस पॅटर्नच्या (सिकलचा जनुक एकाच पालकाकडून आलेल्या) वाहक मुलांना ही तपासणी लागत नाही. तिथे पैसे घालवू नयेत.

दुसरी चूक खुब्याची. सिकलसेलच्या तरुणाला मांडीच्या सांध्यात किंवा जांघेत दुखतं, एक्स-रे काढतात, तो स्वच्छ येतो आणि ‘सिकलचंच दुखणं’ म्हणून गोळ्यांवर भागवतात. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला तरी सुरुवातीला एक्स-रेत काहीच दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. दुखणं काही आठवडे टिकलं, लंगडणं सुरू झालं किंवा पाय आत वळवताना कळ आली, तर दोन्ही खुब्यांचा एमआरआय एकत्र मागा: टी१ आणि एसटीआयआर हे सिक्वेन्स, कोरोनल म्हणजे समोरून पाहिल्यासारख्या कापांत. सहसा कॉन्ट्रास्ट (चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) लागत नाही. दोन्ही खुबे यासाठी, की न दुखणाऱ्या बाजूलाही आजार सापडतो. हाड खचून बसण्याआधी सापडलं तर कोअर डिकॉम्प्रेशनचा (हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याच्या ऑपरेशनचा) विचार होऊ शकतो. एकदा गोळा बसला की बहुधा सांधा बदलण्याचीच गोष्ट निघते. एक्स-रे काढायचाच असेल तर सरळ फोटोसोबत ‘फ्रॉग लॅटरल’ही मागा, हाड बसायला लागल्याची बारीक रेघ त्यात आधी दिसते.

आता ‘एसएस पॅटर्न’ ठळक लिहिण्याचं कारण. या रुग्णांत रक्त बनवण्यासाठी लाल मज्जा पसरलेली असते, त्यामुळे टी१ वर हाडं गडद दिसतात. सिकलची माहिती नसलेला रेडिओलॉजिस्ट ‘मज्जेत काहीतरी शिरलं आहे, रक्ताचा कर्करोग वगळा’ असं लिहू शकतो आणि ते लिहिणं त्याच्या जागी बरोबर असतं. मग घर हादरतं आणि नको त्या तपासण्या सुरू होतात. तसंच मोठ्या मुलाच्या सोनोग्राफीत ‘प्लीहा दिसत नाही’ आलं तर घाबरू नका. एसएसमध्ये ती हळूहळू आटून जाते. लहान बाळात मात्र प्लीहा अचानक वाढली आणि बाळ पांढरं पडलं, तर सोनोग्राफीची रांग धरू नका, आधी दवाखान्यात न्या.

हाड सुजलं आणि ताप आहे, तेव्हा इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून हाडाचा भाग मरणं) की जंतुसंसर्ग हे एमआरआयही दर वेळी खात्रीने सांगत नाही. पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत एक्स-रे तर काहीच सांगत नाही. सोनोग्राफीत हाडालगत द्रव दिसला तर तो सुईने काढून कल्चरला (कोणता जंतू आहे ते पाहण्याच्या तपासणीला) पाठवणं हाच पक्का मार्ग. सिकलमध्ये साल्मोनेला हा जंतूही सापडतो, म्हणून कल्चरशिवाय प्रतिजैविक ठरवणं अंदाजपंचे ठरतं.

उपाशी, तहानलेलं आणि उन्हातून आणलेलं

भुसावळ-जळगावचा मे महिना ठाऊक असणाऱ्याला जास्त सांगायला नको. मोलगीहून पहाटे निघालेलं सिकलचं मूल ‘उपाशी आणा’ म्हटल्यावर पाण्याचा घोटही न घेता दुपारी नंबर लागेपर्यंत बसलं, तर स्कॅनच्या आधी क्रायसिस (सिकलच्या तीव्र वेदनांचा झटका) येतो. पोटाच्या सोनोग्राफीला सहा तास अन्न नको, साधं पाणी चालतं. भूल किंवा झोपेचं औषध द्यायचं असेल तरच नियम कडक: अन्न आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, पाणी दोन तास. फोन करून सकाळचा पहिला नंबर मागा. एमआरआयची खोली गार असते आणि गारठ्यानेही सिकलचं दुखणं उठतं. सोबत ब्लँकेट न्या. कडी, जोडवी, कंबरपट्टा, सेफ्टी पिन सगळं घरीच काढून ठेवा. कमरेजवळच्या धातूने खुब्याचं चित्र काळं पडतं, मग तास वाया जातो. पेसमेकर किंवा डोक्यातली क्लिप असेल तर नंबर घेतानाच सांगा.

क्रिएटिनिनबद्दल एक बारकावा: सिकलच्या रुग्णात ते मुळातच कमी असतं, त्यामुळे ‘नॉर्मल’ आकडाही किडनीचा बिघाड झाकू शकतो. आयोडीनचा कॉन्ट्रास्ट द्यायचा तर जुना आकडा शेजारी ठेवून बघावा.

पोटात पाणी, पण शिरा कुणी पाहिल्याच नाहीत

पोट फुगलं, यकृत मोठं, पोटात पाणी. सोनोग्राफी झाली, ‘लिव्हरला सूज’ म्हणून औषध सुरू. दारू न पिणाऱ्या तरुणात असं झालं की बड-किआरी सिंड्रोम मनात यायला हवा: यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा (हेपॅटिक व्हेन) किंवा पुढची मोठी शीर (आयव्हीसी) बंद झालेली असते. नुसत्या काळ्या-पांढऱ्या सोनोग्राफीत ते निसटतं. चिठ्ठीवर ‘हेपॅटिक व्हेन आणि आयव्हीसी डॉपलर’ असं स्पष्ट लिहा. पाठीवर, कुशीवर फुगलेल्या शिरा असतील तर तेही लिहा. भारतात अनेकांत अडथळा छोटा, पडद्यासारखा असतो आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (स्कॅनवर बघत सुई-नळीने उपचार करणारा डॉक्टर) तो फुग्याने किंवा स्टेंटने उघडू शकतो. इथे इमेजिंग हेच निदान आणि हेच उपचार. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणारं औषध आणि ठरावीक काळाने डॉपलर सुटला की शीर पुन्हा बुजू शकते. पोट कमी झालं म्हणून लोक नेमकं तेव्हाच येणं थांबवतात.

गाठीत घाईने सुई घालणं

साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांसारख्या, मेंढ्या आणि कुत्रे यांच्या सतत सहवासातल्या माणसाच्या यकृतात पाण्याची गाठ दिसली तर हायडॅटिडची (कुत्र्यांमार्फत पसरणाऱ्या जंताच्या गाठीची) शंका घ्या आणि आधी सुई खुपसू नका. द्रव पोटात सांडला तर जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते आणि आजार पसरतो. सोनोग्राफीत जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने सीई१ ते सीई५ असा टप्पा लिहून घ्या, उपचार त्यावर ठरतो. सीई१ आणि सीई३ए मध्ये सोनोग्राफीखाली ‘पेअर’ (सुईने द्रव काढून, जंत मारणारं औषध सोडून ते पुन्हा ओढून घेणं) करता येतं, पण अल्बेंडाझोल हे जंतांवरचं औषध किमान चार तास आधी सुरू करून पुढे महिनाभर द्यावं लागतं. पिल्लू गाठींनी भरलेली सीई२ त्याला नीट दाद देत नाही. सीई४ आणि सीई५ शांत, त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवायचं. त्यांचं ऑपरेशन करून टाकणं बहुधा अनावश्यक.

किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथीत अचानक सापडलेल्या गाठीलाही हाच सावधपणा लागू आहे. रक्तातलं किंवा २४ तासांच्या लघवीतलं मेटानेफ्रिन (ॲड्रिनलच्या संप्रेरकांपासून बनणारा पदार्थ) तपासल्याशिवाय बायोप्सी नको. फिओक्रोमोसायटोमा (रक्तदाब वाढवणारी संप्रेरकं सोडणारी गाठ) निघाला तर सुईनेच रक्तदाब उसळतो.

फिल्म घेऊन मुंबईला निघणं

फिल्मवर निवडक चित्रं असतात, तीही एकाच उजेडात. मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाला पातळ काप लागतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुम्हाला हवा तो ‘डायकॉम डेटा’ (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल), सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर. सीटी असेल तर ‘१ मिमीचे पातळ काप’ असं शब्दात सांगा, कारण बऱ्याच ठिकाणी ५ मिमीचे जाड कापच देतात आणि पातळ काप जागेअभावी काही दिवसांत पुसले जातात. त्याच दिवशी मागा.

तपासायची सोपी युक्ती: सीटीचं एक चित्र साधारण अर्धा एमबी. छातीच्या १ मिमी कापांची सुमारे ३०० चित्रं धरली तर फोल्डर दीडशे एमबीच्या आसपास हवं. ते दहा एमबी भरलं तर काहीतरी गाळलं आहे किंवा नुसते जेपीजी दिले आहेत. सेंटरमधून निघण्याआधी सीडी तिथल्याच कॉम्प्युटरवर उघडून बघा, नाव, वय आणि तारीख वाचा. फिल्म खिडकीला धरून काढलेला मोबाइल फोटो कुणालाही पाठवू नका. त्यावरून मत देणारा सापडला तरी ते घेऊ नका.

राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ खाली मुंबईचं केईएम रुग्णालय हे उत्कृष्टता केंद्र आहे. गोशेसारख्या (एका एन्झाइमच्या कमतरतेमुळे होणाऱ्या आनुवंशिक) आजाराची शंका असेल (मुलाची प्लीहा प्रचंड, मांडीच्या हाडाचं खालचं टोक पसरट) तर तिथे जाताना प्लीहेची नुसती लांबी नव्हे, एमआरआय किंवा सीटीवरून काढलेलं आकारमान मिलिलिटरमध्ये रिपोर्टात मागून घ्या. एन्झाइमचा उपचार लागू पडतोय का, हे पुढे त्याच आकड्याशी ताडून ठरतं. जुने सगळे डायकॉम तारखेनुसार वेगळ्या फोल्डरांत ठेवा आणि मूळ प्रत कुणालाही देऊन टाकू नका, कॉपी द्या.