मॉडेलमधली झाडं आणि जुलैची परीक्षा

इमारतीच्या मॉडेलसाठी ग्लिसरीनमध्ये मुरवलेल्या फांद्यांची छोटी झाडं मार्च-एप्रिलमध्ये करून लगेच खूश होऊ नका. त्या दिवसांत सगळ्यांचीच झाडं छान होतात. फांद्या लवचिक राहतात, रंग बसतो, फेविकॉल रातोरात वाळतो. खरी परीक्षा जुलैत असते, आणि तोवर मॉडेल क्लायंटच्या ऑफिसात काचेखाली जाऊन बसलेलं असतं.

मी पुण्यात आर्किटेक्ट लोकांसाठी मॉडेलं करते, मधूनमधून मॉडेल-रेल्वेच्या लेआउटचं कामही घेते. स्केल कसं काढायचं, फोमबोर्ड कसा कापायचा हे तुम्हाला येतं असं धरते. झाडांचं मात्र कुणी नीट शिकवत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री जिप्सोफिलाची (बारीक पांढऱ्या फुलांची) जुडी आणायची, हिरवा स्प्रे मारायचा आणि बेसवर टोचायची, इतकंच आपलं शिक्षण. त्यामुळे पहिली झाडं वाईट झाली तर स्वतःला बोल लावू नका.

आधी फांदीची निवड. १:२०० स्केलला एक मिलिमीटर जाड काडी म्हणजे प्रत्यक्षात २० सेंटिमीटर जाडीची फांदी. शेंड्याला अशा काड्या दिसल्या की झाड खोटं वाटलंच. जिप्सोफिलाचं फूल चार मिलिमीटरचं धरलं तरी त्या स्केलला ते ८० सेंटिमीटरचा गोळा होतं, म्हणून फुलं चोळून काढा आणि फक्त काड्यांचं जाळं ठेवा. मेंदीच्या आणि ड्युरांटाच्या कुंपणाची छाटणी माळी फेकूनच देतात, ती मागून आणा. घाणेरीच्या बारीक फांद्यांना सुंदर फाटे असतात आणि ती कितीही तोडली तरी कुणाचं नुकसान नाही. वाळलेल्या तुळशीचं मूळ धुऊन उलटं धरलंत तर जुन्या वडाचा सांगाडा आयता मिळतो. मंजिरी मात्र फक्त उभ्या अशोकाला चालते. कासच्या पठारावरून किंवा कुठल्याही राखीव जागेतून काडीसुद्धा आणायची नाही. यावर मी वाद घालत नाही.

आता ग्लिसरीनचा धोका. माझं एक मॉडेल यातच गेलं, म्हणून सविस्तर सांगते.

नेहमीची कृती अशी: एक भाग ग्लिसरीन, दोन भाग गरम पाणी, ताज्या फांदीचं टोक ठेचून त्यात उभं करायचं. पानांतून पाणी उडतं तशी फांदी खालून मिश्रण ओढून घेते. पाणी निघून जातं, ग्लिसरीन आत राहतं, म्हणून फांदी कडकडून मोडत नाही. (वाळलेली फांदी ओढत नाही, ती बुडवूनच ठेवावी लागते.) इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं सांगत नाहीत. ग्लिसरीन हवेतलं पाणी खेचतं. कोरड्या हवेत ते गप्प असतं, पण पावसाळ्यात आपल्याकडची आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर गेली की फांदीतलं ग्लिसरीन पाणी पिऊन फुगतं, आत मावेनासं होतं आणि सालीवर थेंबांच्या रूपात बाहेर येतं. झाडाला अक्षरशः घाम फुटतो. थेंब रंगाखालून येतात, म्हणून रंगाचे पापुद्रे सुटतात. फेविकॉल ओलाव्याने मऊ पडतो आणि पानं म्हणून चिकटवलेला भुसा गळतो. थेंब खाली रस्त्याच्या कागदावर पडले की तेलकट डाग. ते पुसून जात नाहीत, कारण कागद ते पिऊन बसलेला असतो.

यावर वरून लॅकरचा (पारदर्शक वार्निशचा) जाड हात मारा, असा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. मलाही एका अनुभवी माणसाने तोच दिला होता. ऐकू नका. ओल आतून येते, वरचं कवच तिला थोपवत नाही, उलट कवचच उचललं जातं. ज्याने स्वतःचं मॉडेल दोन पावसाळे पाहिलेलं नाही, त्याच्याकडून झाडं शिकू नका, मग त्याचं नाव कितीही मोठं असो.

उपाय आधीच करायचा असतो. ग्लिसरीन कमी घ्या, एकास तीन किंवा चार पाणी. पानांचा रंग उतरून ती मंद, तपकिरी-हिरवी व्हायला लागली की फांदी बाहेर काढा, शेंडे तेलकट दिसेपर्यंत थांबू नका. साबणाच्या कोमट पाण्यात पटकन बुचकळून काढा, टिपून घ्या आणि उलटी टांगून चांगली सुकू द्या. मग माझी डब्याची चाचणी: हवाबंद डब्यात ओला स्पंज ठेवायचा, त्याला न टेकेल अशी फांदी टिपकागदावर आडवी ठेवायची, झाकण लावून दोन-तीन दिवस विसरून जायचं. कागदावर डाग उमटला तर त्या लॉटमधली एकही फांदी मॉडेलवर लावायची नाही. कागद कोरडा निघाला तरच रंगाला हात घाला. फुलबाजारात ‘प्रिझर्व्ह्ड’ म्हणून मिळणाऱ्या रंगीत जुड्यांनाही हीच चाचणी लावा, त्यांत किती ग्लिसरीन भरलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

जाड खोडांना तर ग्लिसरीन लागतच नाही. ती नुसती वाळवा. बारीक जाळं तेवढं मुरवा आणि खोडाला चिकटवा. वाळवलेल्या फांद्यांत किडे असतात, म्हणून पिशवीत बांधून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. घरचे कुरकुरतील, कुरकुरू द्या.

पानांना भुसा किंवा फोमचा चुरा, पातळ केलेल्या फेविकॉलवर. डबीतला पोपटी रंग थेट वापरू नका. आंबा काळपट हिरवा, बाभूळ राखाडी, पिंपळाची पालवी तांबूस. झाडातून आरपार उजेड दिसला पाहिजे, नाहीतर फ्लॉवरचा गड्डा होतो. हे हाताला सरावाने येतं आणि खरंच सगळ्यांना येतं. बोटं जाड आहेत म्हणून घाबरलेली मुलं मी पाहिली आहेत, तीच आज रांगेने झाडं करतात.

आणि काम देताना एक करा. बेसच्या खाली छोटा खण ठेवून त्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी घाला, काच नीट बंद होते का बघा, आणि दर मेअखेर पुडी बदलायची हे बिलावरच लिहून द्या. तोंडी सांगितलेलं जूनमध्ये कुणाच्याच लक्षात नसतं.