गाजरगवत काढायचं तर ठराव १ मेलाच घ्या

गाजरगवत, म्हणजे काँग्रेस गवत, याच्या निर्मूलनाचा ठराव बऱ्याच गावांत १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत होतो. झेंडावंदन झालेलं असतं, माणसं जमलेली असतात आणि १६ ते २२ ऑगस्टचा गाजरगवत जागरूकता सप्ताह तोंडावर असतो. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने हा सप्ताह देशभर होतो आणि माहिती द्यायला तो उपयोगीही आहे. पण आपल्याकडे मृगाच्या पावसावर उगवलेलं गाजरगवत तोवर फुलून बी टाकायला लागलेलं असतं. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात त्याला फूल येतं. जूनच्या मध्याला उगवलेलं रोप जुलैअखेर पांढरं होतं. ऑगस्टात आपण फोटो काढून जे उपटतो, त्याने आपलं काम आधीच उरकलेलं असतं.

मी बुलढाणा जिल्ह्यात कृषी सहायक होतो, आता निवृत्त आहे. कपाशी-सोयाबीनच्या पट्ट्यात, साधारण हजार-दोन हजार वस्तीच्या गावात हे काम कसं लावायचं, ते इथे सांगतो. ऊसपट्ट्यात वेळापत्रक थोडं बदलेल, बाकी तेच.

१ मेच्या ग्रामसभेआधी तलाठ्याकडून गावचा नकाशा घ्या आणि शिवारात एक फेरी मारा. मे महिन्यात गवत वाळलेलं असतं, पण काड्या उभ्या असतात. जिथे काड्या दाट, तिथे जूनमध्ये हिरवा गालिचा ठरलेला. त्या जागा नकाशावर रंगवा आणि प्रत्येकीपुढे जागा कोणाची ते लिहा: गावठाण, गायरान, शाळा, स्मशानभूमी, जिल्हा परिषदेचा रस्ता, कालव्याची कड, खासगी पडीक, बांध. हे लिहून काढलं की एक गोष्ट लगेच दिसते. पेरलेल्या शेतात गाजरगवत फारसं नसतंच, कारण तिथे डवरणी आणि निंदण होतं. ते असतं कोणाच्याच नसलेल्या जागेत आणि दोघांच्या मधल्या जागेत.

अमेरिकेत नेब्रास्कासारख्या राज्यात काउंटीचा तण अधिकारी जमीनमालकाला नोटीस पाठवतो. मालकाने ऐकलं नाही तर काउंटी स्वतः तण मारते आणि खर्च त्याच्याकडून वसूल करते. आपल्या गावात चुलतभावाला नोटीस कोण देणार? सरपंचाला पुढच्या निवडणुकीत त्याच दारात जायचं असतं. तेव्हा आपल्याकडे समजावण्यावरच भर द्यावा लागतो, आणि समजावणं म्हणजे भाषण नव्हे.

ठरावात चार गोष्टी लिहा. कोणती जागा कोण साफ करणार, मजुरीचे पैसे कुठून, उपटलेलं कुठे टाकायचं आणि काम कधी. ‘कधी’मध्ये तारीख घालू नका. ‘दुसऱ्या मोठ्या पावसानंतरचा आठवडा’ असं लिहा. पाऊस तारीख पाळत नाही. माती ओली असल्याशिवाय मूळ निघत नाही आणि पहिल्या पावसानंतर सगळा गाव पेरणीत असतो.

सुरुवात कुठून करायची हेही नकाशावरच ठरवा. बी हलकं असतं, पाण्याबरोबर वाहतं. म्हणून ओढ्याच्या वरच्या अंगापासून खाली या. खालचा पांदण रस्ता आधी चकाचक केला आणि वरचं गायरान तसंच ठेवलं, तर भाद्रपदातल्या एका जोरदार पावसात केलेलं सगळं पाण्यात.

आता जमीनमालकांविषयी. इथेच खरी मेहनत आहे.

‘याने अंगाला खाज सुटते, दम लागतो’ हे सांगून शेतकरी हलत नाही. ते त्याला माहीत आहे आणि खाज बहुतेक वेळा निंदायला येणाऱ्या बायांना सुटते. त्याला हलवायचं तर पिकावर या. कपाशीवाल्याला बांधावर घेऊन जा. गाजरगवताचं एक जाणतं झाड धरून वाकवा आणि खोडाचा भाग, फांद्यांच्या बेचक्या नीट दाखवा. अनेकदा तिथे कापसासारखा पांढरा पुंजका सापडतो. बोटाने चिरडलात तर ओलसर, चिकट लागतं. तो पिठ्या ढेकूण. कपाशीवर येतो तोच. कपाशी नसते तेव्हा तो अशा तणांवर दिवस काढतो आणि कपाशी वाढली की बांधाकडच्या ओळींपासून आत शिरतो. आसपास मुंग्यांची रांग असेल तर तीही दाखवा, पिठ्या ढेकूण जो गोड चिकट रस सोडतो, त्यासाठी त्या याला सांभाळतात. हे एकदा स्वतःच्या बांधावर पाहिलं की पुढचं फार बोलावं लागत नाही. सूर्यफूल किंवा भुईमूगवाल्याला दुसरी गोष्ट सांगा: टोबॅको स्ट्रीक नावाचा विषाणू गाजरगवतात कुठलंही लक्षण न दाखवता राहतो आणि त्याच्या परागकणांतून, फुलकिड्यांच्या मदतीने पिकात जातो. सूर्यफुलाची शेंडेमर आणि भुईमुगाची खोडमर याच विषाणूची.

दुसरा प्रयोग सभेत करायचा. वाळलेलं एक झाड आणा, पांढऱ्या कापडावर आपटा. काळी, मोहरीहून बारीक बी पडेल. फूल पाचकोनी असतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण प्रत्येक कोनामागे एक बी धरतं हे फारसं कोणी पाहिलेलं नसतं. एका चांगल्या पोसलेल्या झाडावर दहा ते पंचवीस हजार बी धरू शकतं. आकडा नुसता सांगितला तर माणसं मान डोलावतात. कापड समोर असेल तर पुढे सरकून बघतात.

पडीक जमिनीचे मालक पुण्या-मुंबईला असतात. त्यांना पत्र पाठवू नका, फोटो पाठवा. गट नंबर दिसेल असा, जुलैच्या पहिल्या आठवड्यातला. सोबत सरळ विचारा: ‘शेजारचा अमुक माणूस इतक्या पैशात साफ करून देतो, पाठवता का?’ पैसे पाठवणारे बरेच निघतात. ‘लक्ष देतो’ म्हणणाऱ्याकडून काही होत नाही, तेव्हा प्रश्न हो-नाहीच्या उत्तराचाच ठेवा. जमीन बटाईने असेल तर मालक आणि बटाईदार दोघांशी एकत्र बोला, नाहीतर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

बांधाचं प्रकरण नाजूक. अर्धा बांध तुझा, अर्धा माझा, आणि कोण किती कोरतो यावरून जुनी भांडणं. ‘गवत काढायच्या नावाखाली बांध फोडला’ हा आरोप हमखास होतो. यावर उपाय एकच: दोन्ही बाजूंनी एकाच दिवशी, फक्त हाताने किंवा खुरप्याने. बांधावर नांगर-रोटाव्हेटर चालवायचा नाही, हे ठरावातच लिहून घ्या.

उपटण्याचं तंत्र सोपं आहे, पण सांगावं लागतं. कोवळं रोप जमिनीला चिकटून, पानं चहूबाजूंनी पसरून बसतं. ते शेंड्याला धरून ओढलं तर पानं हातात येतात आणि बुडखा जमिनीतच राहतो. त्यातून पुन्हा फुटवा येतो. खुरपं बुडख्याच्या खाली तिरपं घालून उचकटायचं. गुडघाभर झालेलं असेल तर मातीलगत धरून सरळ वर ओढायचं. विळ्याने कापणं म्हणजे छाटणी करून दिल्यासारखंच, आठ-पंधरा दिवसांत बुडाशी बुटकी फांदी येऊन तीच फुलते. ग्रास कटर फिरवून ‘साफ झालं’ म्हणणाऱ्या कंत्राटदाराचं बिल मी असतो तर काढलं नसतं.

हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, नाकातोंडाला फडकं. हातमोजे नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या मनगटाला बांधा. दमा असलेल्यांना, आधी या गवताने अंग उठलेल्यांना या कामावर घेऊ नका. एकदा ॲलर्जी जडली की थोड्या संपर्कानेही पुन्हा उठते. आणि शाळेच्या मुलांना उघड्या हातांनी उपटायला लावण्याची पद्धत बंद करा. श्रमदानाचा फोटो छान येतो, पण पोरं घरी जाऊन डोळे चोळत बसतात. मुलांना नकाशा भरायचं काम द्या, ती ते मोठ्यांपेक्षा चोख करतात.

फुलाआधी उपटलेल्या गवताचं खत करा. तीन फूट खोल, सहा फूट रुंद, दहा फूट लांब खड्डा, पाणी साचणार नाही अशा जागी. गवताचा थर, वर शेणकाला, वर माती, असं करत खड्डा भरायचा आणि तोंड शेणमातीने लिंपून टाकायचं. चार-पाच महिन्यांत खत होतं. फूल आलेलं मात्र या खड्ड्यात घालायचं नाही. उपटल्यावरही फुलातलं बी पिकू शकतं आणि ते न कुजलेलं बी तुम्ही स्वतःच्या हाताने शेतभर पसरवाल. फुलावरचं गवत गोणीत भरून न्या, वाटेत सांडू देऊ नका आणि पुन्हा कधी उकरलं जाणार नाही अशा ठिकाणी खोल गाडा. उपटून बांधावर वाळत टाकणं हा सगळ्यात वाईट प्रकार, आणि सगळ्यात जास्त तोच दिसतो.

फवारणीचा विषय निघणारच. ‘एवढी माणसं कशाला, दोन पंप मारू.’ गायरानात, पिकापासून लांब फवारणी चालू शकते. पण कपाशीच्या गावात २,४-डी या तणनाशकापासून चार हात दूरच राहा. कपाशी या औषधाला फारच हळवी आहे. वाऱ्यावर आलेला तुषार पुरतो आणि पानं भेंडीच्या पानांसारखी लांबट, चिरलेली होतात. त्याच पंपाने नंतर कपाशीवर कीटकनाशक मारलं तरी तोच प्रकार, कारण पंप आणि नळी धुऊनही औषधाचा अंश राहतो. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा आणि त्यावर रंगाने खूण करा. ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकाबाबत केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फत वापरायचं बंधन घातलं. दुकानदार काय म्हणतो यावर न जाता तालुका कृषी अधिकाऱ्यांना विचारूनच पाऊल टाका. मिठाचं पाणी फवारण्याचा जुना उपायही कोणीतरी सुचवतो. पंधरा-वीस टक्के मिठाने गवत जळतं हे खरं, पण ती जमीनही खारते. घराभोवतीच्या फरशीच्या फटीत करा, शेताजवळ नको.

जिथे माणसं पुरणार नाहीत तिथे मेक्सिकन भुंगा. नाव झायगोग्रामा बायकोलोराटा. १९८३ मध्ये मेक्सिकोहून भारतात आणला, पुढच्या वर्षी बेंगळुरू भागात सोडला आणि आता तो बऱ्याच ठिकाणी आपोआप सापडतो. हरभऱ्याएवढाही नसतो, पाठ मळकट पांढरी आणि तिच्यावर तपकिरी-काळ्या नागमोडी रेघा. पावसाळ्यात गाजरगवताची पानं चाळणी झालेली दिसली की खाली वाकून बघा, तोच असणार. भुंगाही खातो आणि अळी त्याहून जास्त खाते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भोकं पाडलेल्या बाटलीत, आत थोडा पाला घालून, पाचशे ते हजार भुंगे गोळा करा आणि संध्याकाळी गायरानातल्या दाट गवतात एकाच जागी सोडा. चारचार भुंगे दहा ठिकाणी सोडून काही होत नाही. त्या तुकड्यात फवारणी नाही, उपटणंही नाही. हिवाळा लागला की तो जमिनीत शिरून झोपतो आणि पुढच्या पावसावर वर येतो, त्यामुळे तिथे नांगरटही नको. त्याचा परिणाम दोन-तीन पावसाळ्यांनी दिसतो. सरपंचाला हे आधीच सांगून ठेवा.

साफ केलेली जागा उघडी राहिली तर पुढच्या पावसात पुन्हा तेच उगवतं. तिथे टाकळा आणा, आपल्याकडचा तरोटा. दिवाळीच्या सुमारास शेंगा वाळतात तेव्हा बी गोळा करून ठेवा आणि पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर मोकळ्या जागेत फेका. तो दाट उगवून गाजरगवताला दाबतो, कोवळ्या पाल्याची भाजीही होते.

नवीन बी गावात येण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत: रस्त्याच्या कामाचा मुरूम, बाहेरगावचं शेणखत, चारा, हार्वेस्टर आणि जेसीबी. हार्वेस्टर गावात शिरण्याआधी वेशीवरच त्याची चाकं आणि चाळण्या झाडून घ्यायला सांगा. चालक कुरकुरतो, पण पुढचं काम मिळावं म्हणून करतो. मुरूम टाकलेल्या जागा नकाशावर वेगळ्या रंगाने दाखवा, पुढच्या जूनला पहिली नजर तिथे.

पहिल्या उपटणीनंतर तीन-चार आठवड्यांनी त्याच जागांवर दुसरी फेरी हवीच, कारण मातीतलं सगळं बी एका पावसात उगवत नाही. खाली गाडलेलं तर वर्षानुवर्षं जिवंत राहतं आणि मशागतीने वर आलं की उगवतं. तिसरी फेरी रब्बीत. पावसाळा संपला की लोक निर्धास्त होतात, पण जिथे ओल आहे तिथे हे गवत थंडीतही फुलतं: हरभऱ्याच्या पाटाच्या कडा, हातपंपाभोवतीची घाण, गळक्या टाकीखालची जागा, सांडपाण्याची नाली. डिसेंबरमध्ये दोन माणसं खुरपं घेऊन अर्धा दिवस फिरली तरी हे काम होतं. त्यांची मजुरी मेच्या ठरावातच धरून ठेवा, नंतर त्यासाठी पैसे निघत नाहीत.