सही आधी, इंजेक्शन नंतर

नर्सिंग शिकताना लॅम्प लायटिंगला, म्हणजे शपथविधीला, हातात मेणबत्ती धरून आपण सगळ्या नर्सेस शपथ घेतो, त्यात 'जाणूनबुजून घातक औषध देणार नाही' असं एक वाक्य आहे. ती शपथ 1893 साली अमेरिकेत डेट्रॉइटला लिहिली गेली. त्या दिवशी मेण बोटावर सांडत होतं आणि माझं सगळं लक्ष तिकडेच होतं. पुढे कळलं की वॉर्डात बहुतेक घोळ जाणूनबुजून होतच नाहीत.

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा संपवून, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात घेऊन एका हॉस्पिटलात मेल मेडिकलला, म्हणजे पुरुषांच्या वॉर्डला लागले. तिसऱ्याच आठवड्यात नाइट. 32 पेशंट, सिस्टर दोन, त्यातली एक आयसीयूला मदतीला गेलेली. एक सीनियर होती, फार गोड बोलायची. तिने आधीच शिकवून ठेवलं होतं, ''पाच वाजता सगळ्या ड्रग चार्टवर सह्या मारून घ्यायच्या, मग ट्रॉली घेऊन सुटायचं. नाहीतर ओव्हर द्यायला नऊ वाजतील बघ.'' सही म्हणजे औषध दिल्याची नोंद, ती देण्याआधीच; आणि ओव्हर म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची माहिती सोपवणं. आणि खरंच, माझी ट्रॉली वेळेत संपायला लागली. मला वाटलं, आपल्याला जमायला लागलं.

त्या पहाटेही मी सह्या मारल्या. चौदा नंबरच्या काकांना नाश्त्याआधी 14 युनिट प्लेन इन्सुलिन होतं. साडेसहाला डॉक्टरांचा फोन आला, काकांची पोटाची सोनोग्राफी आहे, उपाशी ठेवा, इन्सुलिन थांबवा. मी थांबवलं. ते बरोबरच होतं. ओव्हर देताना सांगितलं, ''चौदा नंबर एनबीएम, सोनोग्राफी आहे.'' एनबीएम म्हणजे उपाशी. इन्सुलिन दिलेलं नाही, हे सांगायचं राहिलं. आणि चार्टवर माझी सही तशीच होती.

पुढचं नीट वाचा, मला स्वतःला ते समजायला दोन दिवस लागले. सोनोग्राफी झाली, काकांनी नाश्ता केला, दुपारी शुगर 310. राउंडला डॉक्टरांनी चार्ट बघितला. सकाळी 14 युनिट दिलेलं दिसतंय, तरी 310, म्हणजे डोस कमी पडतोय. त्यांनी दुपारचा डोस 22 केला. दुसरं काय करणार होते? शुगर वाढली होती ती डोस गेलाच नव्हता म्हणून, पण हे त्या क्षणी फक्त मला माहीत होतं, आणि मी खोलीवर झोपले होते. काका दुपारी अर्धीच पोळी जेवले. चहाच्या आधी मावशींना ते घामाने भिजलेले, काहीतरी असंबद्ध बडबडताना दिसले. शुगर 46. लगेच शिरेतून 25 टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी गेलं म्हणून निभावलं. मी एकही चुकीचं इंजेक्शन दिलं नव्हतं. मी फक्त एक सही केली होती.

म्हणून नव्याने वॉर्डात लागणाऱ्या तुम्हाला पुन्हा सांगते, कंटाळा आला तरी ऐका. औषध द्यायचं, तिथेच बेडपाशी सही करायची, मग पुढचा बेड. दिलं नाही तर त्या वेळेभोवती गोल आणि नर्सेस नोट्समध्ये कारण, वेळेसकट, कोणाच्या सांगण्यावरून तेही. 'पेशंट एनबीएम' एवढं लिहून भागत नाही, 'इन्सुलिन दिलं नाही' असं लिहा. चुकून आधी सही झालीच तर व्हाइटनर नको, गिरवागिरवी नको. एक आडवी रेघ, तारीख, वेळ, सही. ओव्हर चार्ट हातात घेऊन बेडपाशी द्या, टेबलावर बसून नको. नऊ वाजले तर वाजू द्या.

रात्री परत ड्यूटीवर आले तेव्हा चार्ट माझ्यासमोरच होता. मागच्या तारखेने गोल करून टाकायला पाच सेकंद लागले असते. हात पेनापर्यंत गेलाही होता, खोटं कशाला बोलू. ती सीनियर म्हणाली, ''माझं नाव घेऊ नकोस हं.'' जिला सगळा वॉर्ड टरकून असायचा त्या इन्चार्ज सिस्टरना मी फोन करून सांगितलं. सकाळी त्या सगळ्यांसमोर ओरडल्या, आणि मग मेट्रनच्या, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुखांच्या, केबिनपर्यंत माझ्याबरोबर चालत आल्या. खुलाशात मी 'कामाच्या गडबडीत' असं लिहिलं होतं. ते दोन शब्द त्यांनी खोडायला लावले. ''गडबड रोजच असते. तू काय केलंस ते लिही.''

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: पहिल्या वर्षी गोड सीनियरपेक्षा खडूस इन्चार्ज बरी. शिकताना झेरॉक्सवाल्याकडून केअर प्लॅन, म्हणजे पेशंटच्या देखभालीचा लिहून द्यायचा आराखडा, आणून पेशंटचं नाव बदलणारे आणि आधी सह्या मारणारे, माझ्या हिशेबी एकच. कोणाला राग आला तर येऊ दे.

घाबरवायला हे लिहीत नाहीये. हात थरथरतात, सलाईन लागत नाही, नातेवाईक ''दुसऱ्या सिस्टरना बोलवा'' म्हणतात. हे सगळं तीन-चार महिन्यांत निवळतं. माझ्यासारख्या धांदरटाचं निवळलं, तर तुमचंही निवळेल.

इन्सुलिनचं निघालंच आहे तर, सिरिंजचं टोपण बघा. लाल म्हणजे 40ची, केशरी म्हणजे 100ची; हा आकडा एका मिलिलिटरमधल्या युनिटचा. 40च्या बाटलीतून केशरी सिरिंजने 20च्या रेघेपर्यंत ओढलंत, तर जातात 8 युनिट. उलटं केलंत, म्हणजे 100ची बाटली आणि लाल सिरिंज, तर 50. दोन्ही एकाच ट्रेमध्ये पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

बाकी थोडक्यात. रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण दर 5 वर्षांनी असतं, सीएनईची, म्हणजे नोकरीत असताना केलेल्या शिक्षणाची, सर्टिफिकेटं पहिल्या दिवसापासून एका फाइलला लावा. ओरिजिनल मार्कशीट कोणत्याही हॉस्पिटलच्या ऑफिसात ठेवून घेऊ देऊ नका, कितीही गोड बोलले तरी. जर्मनीतल्या नोकरीसाठी जर्मन शिकायचं तर शिका, गल्फला जायचं तर जा, पण दोन वर्षं जनरल वॉर्ड करून. पोस्ट बेसिकचं, म्हणजे डिप्लोमानंतरच्या बीएस्सीचं, तेव्हाच बघा.

आणि पहिल्या नाइटला पेनं दोन न्या. एक डॉक्टर नेतातच.