फोटो टाकू नका, असे कोणाला कसे सांगावे

हळदीकुंकवाला गेलेल्या बाईच्या हातात वाण पडायच्या आधीच तिचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पडलेला असतो. फोटो काढणारीच्या मनात वाईट काही नसते, बघणारेही अंगठा दाखवून पुढे सरकतात, आणि ज्या एखादीला आपला चेहरा दोनशे फोनांत जायला नको असतो, तिला "एवढं काय त्यात?" या प्रश्नापुढे गप्प बसावे लागते. या प्रश्नाचे उत्तर देण्याचे तिच्यावर बंधन नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपण हा संविधानाच्या अनुच्छेद 21 खालचा मूलभूत हक्क ठरवला आणि हा हक्क काही लपवण्यासारखे असणाऱ्यांपुरता नाही. तरीही कोणाला कारण हवेच असेल, तर ते फार जुने नाही. जुलै 2021 मध्ये आणि पुन्हा 1 जानेवारी 2022 रोजी मुस्लीम स्त्रियांचे समाजमाध्यमांवरचे रोजचे, साधे फोटो उचलून त्यांचा 'लिलाव' ॲपवर मांडला गेला. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने आरोपींना अटक केली. फोटो सर्वांना दिसत होते, एवढेच उचलणाऱ्याला पुरले.

नकार कसा द्यावा हे ठरवण्याआधी समोर कोण आहे ते पाहावे, कारण कायदाही तसाच भेद करतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमातून दोन गोष्टी मुद्दाम वगळलेल्या आहेत: एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी हाताळलेली माहिती, आणि ज्या व्यक्तीची माहिती आहे तिनेच सर्वांसमोर खुली केलेली माहिती. म्हणजे मावशीने स्टेटसला ठेवलेल्या फोटोसाठी हा कायदा आपल्या कामाचा नाही आणि आपणच खुल्या खात्यावर टाकलेल्या फोटोसाठीही नाही. शाळा, कंपनी, जिम, विवाहमंडळ यांच्यासाठी मात्र तो आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून संस्थांवरची मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. म्हणून घरच्यांशी आणि ओळखीच्यांशी तोंडी बोलावे आणि संस्थेकडे नकार कागदावर द्यावा. बहुतेक जण नेमके उलटे करतात, म्हणजे नातेवाइकाला ग्रुपवर कायद्याचे कलम ऐकवतात आणि शाळेच्या फाटकाशी शिपायाला तोंडी सांगून घरी येतात.

ओळखीच्यांना सांगताना

सांगण्याची योग्य वेळ म्हणजे समोरच्याने फोन वर उचलला ती. फोटो काढणे, तो आपल्याला पाठवणे आणि तो इतरांसमोर टाकणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपला आक्षेप बहुधा तिसरीलाच असतो. पण आपण तिन्हींना मिळून "नको" म्हणतो, हाताने चेहरा झाकतो आणि समोरच्या माणसाला वाटते की आपल्याला त्याच्याशेजारी उभेच राहायचे नाही. त्यापेक्षा रांगेत उभे राहावे आणि तेव्हाच म्हणावे, "वहिनी, फोटोत येते मी, मला पाठवाही, फक्त ग्रुपवर टाकू नका हं." कारण जोडू नये. "आज मी नीट दिसत नाहीये" म्हटले की "अगं, फिल्टर लावते" हे उत्तर तयार असते, आणि "आज नको" म्हटले की पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. "मी फोटो टाकू देत नाही" हे वाक्य सवयीचे म्हणून सांगावे, एकादशीला "मी आज भात खात नाही" जितक्या सहज सांगतात तितक्याच सहज. दोन-तीन समारंभांनंतर घरचेच दुसऱ्याला परस्पर सांगू लागतात.

फोटो टाकला गेलाच, तर ग्रुपवर काही लिहू नये. तिथे लिहिले की दहा जण तो फोटो शोधून पाहतात. ज्याने टाकला त्याला वेगळा निरोप पाठवावा आणि फोटो नेमका कोणता ते सांगावे: "काका, कालच्या मुंजीचे फोटो सुंदर आले आहेत. बटूला भिक्षावळ घालतानाच्या फोटोत डावीकडे मी आहे, तेवढा एक सर्वांसाठी डिलीट कराल का? बाकीचे राहू द्या." व्हॉट्सॲपवर पाठवणाऱ्याला साधारण अडीच दिवसांपर्यंतच निरोप सर्वांसाठी पुसता येतो, म्हणून संकोचात आठवडा घालवू नये. काकांना ते जमत नसेल तर ग्रुपच्या ॲडमिनलाही दुसऱ्याचा निरोप सर्वांसाठी पुसता येतो, आणि भिडेचा प्रश्न असेल तेव्हा हा मार्ग अधिक सोपा पडतो. ज्यांच्या गॅलरीत फोटो आधीच उतरला असेल त्यांच्याकडे तो राहू शकतो, हे मात्र समजून असावे. स्टेटसवरचा फोटो 24 तासांनी आपोआप जातो, त्यामुळे निरुपद्रवी फोटोसाठी मी तरी नाते ताणत नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर दुसऱ्याने लावलेला टॅग आपण मंजूर केल्याशिवाय आपल्या पानावर दिसू नये अशी सोय आहे, ती चालू करावी; पण टॅग काढल्याने फोटो जात नाही, फक्त आपले नाव सुटते, त्यामुळे टाकणाऱ्याशी बोलणे चुकत नाही.

चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांच्या रांगेत आपला चेहरा छापला जाण्याची आफत ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी वर्गणी देतानाच "नाव घाला, फोटो नको" एवढे सांगून ठेवावे. तो फ्लेक्स संध्याकाळपर्यंत फेसबुकवर असतो.

बायोडाटाची पीडीएफ

मराठी घरांतून सर्वाधिक बेफिकिरीने बाहेर जाणारा फोटो लग्नाच्या बायोडाटावरचा असतो. एकाच पानावर संपूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मगाव, नोकरीचे ठिकाण, पगार, घराचा पत्ता, वडिलांचा मोबाइल क्रमांक, मामांचे आडनाव आणि वर कोपऱ्यात साडीतला हसरा चेहरा. मामांचे आडनाव म्हणजेच आईचे माहेरचे आडनाव, आणि खातेदाराची ओळख पटवताना हाच प्रश्न विचारला जातो, हे ते पान टाइप करणाऱ्याच्या मनातही येत नाही. हे पान ज्ञातीच्या ग्रुपवर एकदा पडले की ते कोणाचेच राहत नाही. आमच्या नात्यातल्या एका मुलीच्या लग्नाला दोन वर्षे झाली तरी तिच्या मामांना स्थळासाठी फोन येत होते. विचारणा करणाऱ्या गृहस्थांनी तिचा फोटो पाहिला होता, पत्रिका जुळवली होती आणि मुलगी विवाहित असल्याचे ऐकून ते मामांवरच रागावले. मूळ पीडीएफ ज्या मंडळाकडे दिली होती, त्यांनी आपल्या यादीतून नाव केव्हाच काढले होते. फिरत होती ती फॉरवर्ड झालेली प्रत.

तेव्हा बायोडाटा दोन भागांत करावा. पहिले पान फोटोशिवाय असावे आणि त्यावर शिक्षण, नोकरीचे क्षेत्र, शहर, उंची, अपेक्षा आणि संपर्कासाठी घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाचे नाव एवढेच असावे. जन्मवेळ आणि घरचा पत्ता पत्रिका मागणाऱ्याला नंतर देता येतात. फोटो वेगळा ठेवावा आणि दोन्ही घरांचे फोनवर एकदा बोलणे झाल्यावरच पाठवावा. मागणाऱ्याला सांगायचे वाक्य असे असू शकते: "फोटो आम्ही ग्रुपवर देत नाही. आपलं बोलणं झालं की लगेच पाठवतो, आणि तुमच्याही मुलाचा तसाच पाठवा." दुसरे वाक्य विसरू नये, कारण देवाणघेवाण बरोबरीची झाली की नकार उद्धट वाटत नाही. पाठवताना फोटोवरच, चेहऱ्याला लागून, "फक्त अमुक कुटुंबासाठी" आणि महिना-वर्ष अशी फिकट अक्षरे टाकावीत. कोपऱ्यातली अक्षरे कापून टाकता येतात, गालावरून गेलेली काढायला खटपट करावी लागते. व्हॉट्सॲपचा एकदाच उघडणारा फोटोही चालतो, पण दुसऱ्या फोनने त्याचा फोटो काढायला कोणाची आडकाठी नसते. "ओरिजिनल क्वालिटी हवी" म्हणून फोटो डॉक्युमेंट करून पाठवू नये, कारण मग मूळ फाइल जशीच्या तशी जाते आणि तिच्यात फोटो काढल्याच्या ठिकाणाची नोंद असेल तर तीही सोबत जाते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधली लोकेशनची नोंद आजच बंद करून टाकावी. विवाहमंडळाच्या फॉर्मवर फोटो चिकटवावा लागत असेल तर खाली हाताने लिहावे: "छायाचित्र केवळ कार्यालयातील नोंदवहीसाठी, संकेतस्थळ, सूची अथवा समूहावर प्रसिद्ध करण्यास संमती नाही." लग्न ठरल्याच्या दिवशी मंडळाला ईमेल करून नोंद आणि फोटो काढून टाकायला सांगावे.

लग्नाचा फोटोग्राफर

लग्न ठरले की दुसरा पेच उभा राहतो: आपल्याच लग्नाचे फोटो फोटोग्राफरच्या पानावर जाहिरात म्हणून दिसतात. याबाबत कायदा आपल्या बाजूचा आहे, आणि पुष्कळांना तो माहीत नसतो. 1957 च्या कॉपीराइट अधिनियमातील कलम 17 च्या खंड (ब) नुसार एखाद्याच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक ते काढवून घेणारा असतो, मात्र तसे नसल्याचा करार झालेला नसावा. मेख या शेवटच्या अटीत आहे, कारण ॲडव्हान्स देताना आपण ज्या छापील कागदावर सही करतो त्यात "फोटो प्रसिद्धीसाठी वापरण्याचा हक्क स्टुडिओकडे राहील" अशी ओळ असू शकते. ती ओळ शोधावी, आडवी रेघ मारून खोडावी, शेजारी दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवावा. पुष्कळ फोटोग्राफर सरळ माणसे असतात. "दादा, अल्बम कोणालाही दाखवा, ऑनलाइन टाकू नका" म्हटले की ऐकतात. प्री-वेडिंगचे शूट मात्र ते जाहिरातीच्या हिशेबातच स्वस्तात करून देत असतील, तर ते आधीच विचारून घ्यावे.

शाळा आणि कचेरी

शाळेत प्रवेशाच्या वेळी एका गठ्ठ्यात अनेक सह्या घेतल्या जातात आणि त्यातली एक बहुधा फोटोंच्या प्रसिद्धीची असते. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्यासाठी 2023 चा कायदा पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो, त्यामुळे पालकाचे पत्र ही शाळेच्याही सोयीची गोष्ट आहे. पत्र भांडखोर नसावे आणि कशाला हरकत नाही हेही त्यात यावे. मुख्याध्यापकांच्या नावे असे लिहिता येईल: "माझ्या पाल्याचे छायाचित्र ओळखपत्र व शालेय नोंदी यांसाठी वापरण्यास माझी हरकत नाही. मात्र शाळेचे संकेतस्थळ, समाजमाध्यमांवरील खाती, पालकांचे समूह अथवा जाहिरात यांत ते प्रसिद्ध करण्यास मी संमती देत नाही. स्नेहसंमेलनात व स्पर्धांत पाल्याला नेहमीप्रमाणे सहभागी करून घ्यावे, ही विनंती." शेवटचे वाक्य गाळू नये, नाहीतर नाचातून मुलाला मागे उभे केले जाते आणि नकाराची शिक्षा त्याला भोगावी लागते. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा आणि वर्गशिक्षिकेला त्याच दिवशी वेगळे सांगावे, कारण फोटो बाई काढतात, मुख्याध्यापक नव्हेत.

कचेरीत ओळखपत्राचा फोटो द्यावाच लागतो, परंतु संकेतस्थळावरच्या "आमचे सहकारी" पानासाठी तोच परस्पर वापरू नये, असे मनुष्यबळ विभागाला ईमेलने कळवावे आणि त्याऐवजी नावाची आद्याक्षरे सुचवावीत. पर्याय आपणच दिला की काम लवकर होते.

पासपोर्ट, आधार, वाहन परवाना येथे नकाराला जागा नाही आणि तिथे हट्ट करण्यात अर्थही नाही. विमानतळावरची डिजियात्रा मात्र ऐच्छिक आहे. मुंबईला किंवा पुण्याला चेहरा दाखवून आत जाण्याच्या रांगेत कोणी वळवले, तर "मी ओळखपत्र दाखवतो" म्हणून नेहमीच्या रांगेत जाता येते.

स्वतःच्या फोनमध्येही पाच मिनिटे घालवावीत: व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली प्रोफाइल फोटो फक्त कॉन्टॅक्टमधल्यांना किंवा कोणालाच दिसू नये असे ठरवता येते आणि आपल्याला ग्रुपमध्ये कोणी घालावे तेही तिथेच ठरते. डीपीला तुळशीवृंदावन ठेवणाऱ्यांना हसणारे असतात, हसू द्यावे.

ऐकलेच नाही तर

विनंती करूनही फोटो हटत नसेल, किंवा कोणी आपल्या फोटोचे खोटे खाते अथवा विकृत रूप केले असेल, तर सर्वांत आधी पुरावा जमवावा: पानाचा संपूर्ण पत्ता, खात्याचे नाव, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट. घाईने आधी डिलीट करायला लावले की हाती काही राहत नाही. मग त्या ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार नग्नता असलेल्या, किंवा दुसऱ्याचे सोंग घेण्यासाठी बदललेल्या फोटोबाबत स्वतः पीडित व्यक्तीने वा तिच्या वतीने कोणी तक्रार केली, तर कारवाईची मुदत तासांत मोजली जाते. खासगी क्षणाचा फोटो असेल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम 77 लक्षात ठेवावे: स्त्रीने असा फोटो काढू दिला असला तरी तो इतरांना दाखवण्यास तिची संमती नसेल, तर तो पसरवणे गुन्हा आहे. अशी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर करता येते आणि स्त्रिया व मुलांविषयीच्या तक्रारीत नाव न देण्याची सोय आहे. स्टॉप-एनसीआयआय या सेवेत प्रौढ व्यक्तीला आपल्या फोनमधल्या अशा खासगी फोटोचा केवळ अंकी ठसा (फोटोवरून तयार होणारा सांकेतिक क्रमांक) देऊन सहभागी ॲपवर तोच फोटो अडवता येतो, फोटो फोनबाहेर जात नाही; अठरा वर्षांखालच्यांसाठी टेक इट डाउन ही तशीच सेवा आहे.

तक्रार अधिकाऱ्याचे उत्तर पटले नाही, तर ते मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. त्यासाठी वकील लागत नाही; मूळ तक्रार, स्क्रीनशॉट आणि अधिकाऱ्याच्या उत्तराची ईमेल एवढे जोडावे लागते, तेव्हा ती ईमेल जुजबी वाटली तरी पुसून टाकू नये.