एनबीएचा फ्री एजंट कुठल्या शहरात जाणार? एका टॅक्सवालीची पद्धत

३० जूनला न्यूयॉर्कच्या घड्याळात संध्याकाळचे सहा वाजले की एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, फ्री एजन्सीचा बाजार उघडतो. भारतात तेव्हा १ जुलैची पहाट, साडेतीन. करार संपून मोकळा झालेला खेळाडू कुठे जाणार यावर पैजा लागतात, आणि बहुतेक जण समुद्रकिनारा, हवा, रात्रीचा झगमगाट बघून उत्तर देऊन टाकतात. मी न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देते, त्यामुळे माझी सुरुवात उलट्या टोकाने होते. ही पद्धत मुळात ठाण्याच्या भाच्यासाठी लिहून काढली होती. त्याचं उत्तर अजूनही दरवर्षी 'लेकर्स', म्हणजे लॉस एंजेलिसचा संघ, असतं, त्याला माझा इलाज नाही.

आधी खेळाडूचा थर बघा

शहर बाजूला ठेवा. एनबीएत संघाच्या एकूण पगाराला मर्यादा आहे, तिला सॅलरी कॅप म्हणतात; २०२५-२६ साठी ती साधारण १५.४६ कोटी डॉलर होती. एकेका खेळाडूच्या पगारालाही कमाल मर्यादा आहे. दहा वर्षं खेळलेल्याला पहिल्या वर्षी कॅपच्या ३५ टक्क्यांपर्यंत देता येतं. स्वतःचा जुना संघ पाच वर्षांचा करार आणि वर्षाला ८ टक्के वाढ देऊ शकतो. बाकीच्यांना चार वर्षं आणि ५ टक्के. म्हणजे वरच्या थरातल्या खेळाडूला मायामी जेवढं देईल तेवढंच मिलवॉकीही देणार. भाव सगळीकडे एकच असला की माणूस बाकीचं बघायला लागतो. अगदी तळाला, किमान पगारावर खेळणाऱ्या जुन्या खेळाडूंचंही तेच. शहराची ओढ दिसते ती या दोन टोकांना.

मधल्या थरात पैसा बोलतो. २०२४ मध्ये आयझाया हार्टनस्टाइनला न्यूयॉर्कचे निक्स ठेवू इच्छित होते, पण नियमाने त्यांना चार वर्षांचे सुमारे ७.२५ कोटी डॉलरच देता येत होते. ओक्लाहोमा सिटीने तीन वर्षांचे ८.७ कोटी पुढे केले. मॅनहॅटन सोडून तो ओक्लाहोमाला गेला आणि पुढच्याच वर्षी विजेत्या संघात होता. त्याच्या आदल्या वर्षी फ्रेड व्हॅनव्लीटने टोरांटो सोडलं आणि ८२ पैकी २२ सामने जिंकलेल्या ह्यूस्टनला तो गेला, तीन वर्षांच्या जवळजवळ १३ कोटींसाठी. हवा कुणी विचारली नव्हती. अशा खेळाडूसाठी फक्त कुणाच्या कॅपमध्ये जागा आहे ते शोधा; असे संघ दर वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात.

मग टॅक्स, पण नीट

टेक्सास, फ्लोरिडा आणि टेनेसीत राज्याचा इन्कम टॅक्स नाही. म्हणजे डॅलस, ह्यूस्टन, सॅन अँटोनियो, मायामी, ऑर्लँडो, मेम्फिस. कॅलिफोर्नियाचा वरचा दर बराच काळ १३.३ टक्के होता, आता पगारावरची आणखी एक कपात धरून तो १४ च्या वर जातो. टोरांटोत केंद्र आणि प्रांत मिळून ५३.५३.

हे पुढे कसं चालतं ते ड्वाइट हॉवर्डच्या कागदावर बघू. २०१३ मध्ये लेकर्सकडे त्याच्यासाठी पाच वर्षांचे ११.८ कोटी डॉलर होते, ह्यूस्टनकडे चार वर्षांचे ८.८ कोटी. पेपरांनी मथळे दिले: तीन कोटींवर पाणी सोडलं. मी लगेच कॅल्क्युलेटर काढला, सवयच ती. पहिल्या वर्षाचा पगार दोन्हीकडे सारखाच, दोन कोटी पाच लाखांच्या आसपास. लेकर्सच्या पहिल्या चार वर्षांची बेरीज साधारण ९.१ कोटी होते, म्हणजे खरा फरक तीसेक लाखांचा. कॅलिफोर्नियाचा टॅक्स एकट्या एका वर्षात पंचवीस लाखांच्या पुढे जातो. चार वर्षांपुरतं ह्यूस्टनच फायद्याचं होतं. सोडलं ते पाचवं वर्ष, आणि ते वर्ष त्याला दुसरीकडे विकता येणारच होतं. तसं त्याने विकलंही. २०१६ मध्ये करारातून बाहेर पडून तो अटलांटाला गेला, तीन वर्षांच्या सात कोटींवर. अटलांटा हे त्याचं जन्मगाव. वर्षभरात त्या संघाने त्याला शार्लटला पाठवून दिलं, म्हणजे गावाची ओढ एकतर्फी निघाली. २०२१ मध्ये तोच हॉवर्ड किमान पगारावर पुन्हा लेकर्समध्ये, सोबतीला कार्मेलो अँथनी, तोही किमान पगारावरच. तिन्ही थर एकाच माणसात.

आता 'टेक्सासला टॅक्स शून्य' म्हणणाऱ्यांसाठी. खेळाडू जिथे जिथे जाऊन काम करतो, त्या राज्याला वाटा द्यावा लागतो. हंगामातले कामाचे एकूण दिवस मोजायचे, त्यातले त्या राज्यात किती ते मोजायचे, पगाराचा तेवढा हिस्सा तिथे करपात्र. न्यू जर्सीत राहून मॅनहॅटनमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या क्लायंटना ही कटकट पाठ आहे. १९९१ च्या अंतिम फेरीत शिकागोने लेकर्सना हरवल्यावर कॅलिफोर्नियाने शिकागोच्या खेळाडूंकडे टॅक्स मागितला. शिकागोच्या इलिनॉय राज्याने उलटा कायदा केला, त्याला लोक शिकागोच्या मायकल जॉर्डनवरून 'जॉर्डनचा सूड' म्हणायला लागले. टेनेसीने तर इन्कम टॅक्स नसतानाही २०१६ पर्यंत एनबीए खेळाडूंकडून सामन्यामागे २,५०० डॉलर घेतले, वर्षाला कमाल ७,५००. तेव्हा ८२ पैकी ४१ सामने घरचे, एवढं लक्षात ठेवून फायदा मोजा. माझे काही आयटीवाले क्लायंट टेक्सासला गेले आणि घराचा प्रॉपर्टी टॅक्स बघून गार पडले. दोन कोटी डॉलर कमावणाऱ्याला तो जाणवणारही नाही.

न्यूयॉर्कची एक गंमत सांगायलाच हवी. शहराचा वेगळा टॅक्स, वरचा दर ३.८७६ टक्के, फक्त शहरात राहणाऱ्याला लागतो. निक्सचं सराव केंद्र शहराच्या उत्तरेला, टॅरीटाउनच्या बाजूला आहे. तिथेच वेस्टचेस्टरमध्ये घर घेतलं की तो टॅक्स नाही, आणि सकाळी सरावाला जाताना ट्रॅफिकही नाही. न्यूयॉर्कचा दुसरा संघ नेट्स, तो सराव शहरातच, ब्रुकलिनमध्ये करतो.

घर, एजंट, बाप

टॅक्सनंतर खेळाडूचा पत्ता बघा, आणि तो संघाच्या शहरातला नव्हे, उन्हाळ्यातला. कावाय लेनर्ड टोरांटोला विजेतेपद देऊन २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या दुसऱ्या संघाकडे, क्लिपर्सकडे गेला. तो दक्षिण कॅलिफोर्नियाचा. त्याच रात्री ट्रेडने, म्हणजे संघांमधल्या अदलाबदलीने, आलेला पॉल जॉर्ज तिथल्याच पामडेलचा. २०२५ मध्ये मिलवॉकीने सोडल्यावर डेमियन लिलार्ड, टाचेमागची शीर (अकिलीस) तुटलेली असताना, तीन वर्षांच्या ४.२ कोटींवर पोर्टलंडला परतला. पोर्टलंड म्हणजे पाऊस आणि लांबचे विमानप्रवास. पण मुलं तिथेच होती.

लॉस एंजेलिसबद्दल मात्र जपून. कितीतरी खेळाडू तिथे घर ठेवतात आणि उन्हाळा तिथेच काढतात, पगार कुठूनही येवो. त्यासाठी लेकर्समध्ये असायची गरज नाही.

नात्यांचं पान वेगळं ठेवा. गॉर्डन हेवर्ड २०१७ मध्ये युटाहून बॉस्टनला गेला, कारण तिथे त्याचा कॉलेजचा कोच ब्रॅड स्टीव्हन्स होता. २०२२ मध्ये जेलन ब्रन्सन चार वर्षांच्या १०.४ कोटींवर निक्सकडे आला. वडील रिक ब्रन्सन निक्सचे सहायक कोच झालेले. निक्सचे अध्यक्ष लिऑन रोझ आधी एजंट, आणि वडील त्यांचे क्लायंट. हे आपल्याकडच्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. वेळेआधी बोलणी केल्याबद्दल निक्सचा ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला, एक हक्क लीगने काढून घेतला. एवढ्या खेळाडूसाठी तो सौदा स्वस्तच म्हणायचा.

संघ चालवतं कोण?

इथे मोठी शहरंही आपटतात. निक्सने २०१९ च्या उन्हाळ्यासाठी कॅप मोकळी केली, आपला मोठा खेळाडू पोर्झिंगिस यालाही देऊन टाकलं. केव्हिन ड्युरंट आणि कायरी अर्व्हिंग न्यूयॉर्कला आले खरे, पण नदीपलीकडे नेट्सकडे. मायामीला २०१० मध्ये लेब्रॉन जेम्स मिळाला तो समुद्रामुळे असं अजून छापून येतं. माझ्या मते तिथला ड्वेन वेड, सोबत आलेला ख्रिस बॉश आणि संघाचा अध्यक्ष पॅट रायली यांच्या नंतर समुद्राचा नंबर लागतो. हिवाळ्याची भीतीही फुगवलेली असते. हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल, आणि त्यातला निम्मा काळ ते विमानात.

सॅक्रामेंटो याचं उलटं उदाहरण. मुंबईत वाढलेल्या विवेक रणदिवे यांच्या गटाने तो संघ २०१३ मध्ये घेतला, २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये आणून खेळवलाही. आपल्या लोकांचा जीव तिथे गुंततो, माझाही. पण तिथे टॅक्स लॉस एंजेलिसचा आणि लॉस एंजेलिस मात्र नाही. शिवाय २०२३ पर्यंत सलग सोळा हंगाम प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरची बाद फेरी, नाही. अशा शहराने ड्राफ्टमधून आणि ट्रेडमधून माणसं आणावीत.

शेवटचं: पहाटे साडेतीनच्या 'होकारा'वर पैज बंद करू नका. बहुतेक करारांवर सही ६ जुलैपर्यंत होऊ शकत नाही. २०१५ मध्ये डिआंड्रे जॉर्डनने डॅलसला तोंडी हो म्हटलं. टॅक्स शून्य, शिवाय तो टेक्सासचाच. मग क्लिपर्सचे सोबती, कोच आणि मालक त्याच्या ह्यूस्टनच्या घरी जाऊन बसले. ब्लेक ग्रिफिनने दाराला खुर्ची टेकवल्याचा फोटो टाकला. मध्यरात्र उलटताच जॉर्डनने सही केली, क्लिपर्सच्या कागदावर.